शंभर फॉर्म नकोत, बारा घरं पुरे

मागच्या अंकात मी अगदी शेवटी एक ओळ टाकली होती की समाजशास्त्र घेतलेल्या बीएच्या मुलामुलींना प्रोजेक्टच्या प्रस्तावाबद्दल काही अडलं तर लिहून पाठवा, आणि मग जी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज यायला लागले ते अजून थांबलेले नाहीत. कारण उघड आहे. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला वेगळे क्रेडिट आलेत, त्यामुळे जे काम पूर्वी बरेच जण एमएला गेल्यावर पहिल्यांदा करायचे ते आता एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांच्या अंगावर आलंय, आणि एकेका शिक्षकाकडे इतकी मुलं असतात की शेजारी बसवून प्रत्येकाचा विषय समजून घ्यायला वेळच उरत नाही. मी स्वतः तालुक्याच्या कॉलेजात बरीच वर्षं हाच विषय शिकवला, ढीगभर प्रस्ताव वाचले, म्हणून हे लिहायला बसले. सगळी पत्रं घेता येणार नाहीत, जे प्रश्न बऱ्याच जणांचे सारखे होते तेवढे घेते. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : मॅडम मी टीवायबीएला आहे, गाव गेवराई तालुक्यात. माझा विषय "ऊसतोड कामगारांच्या समस्या : एक समाजशास्त्रीय अभ्यास", नमुना १००. सरांनी विषय ओके केलाय पण उद्दिष्टं काय लिहू कळत नाही, नेटवर सगळं सेम सेम आहे. ऑगस्टमध्ये जमा करायचंय. माझे आईवडील पण कारखान्याला जातात.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू शेवटी टाकलंयस, जाता जाता सांगितल्यासारखं. तिथूनच सुरुवात करू.

आधी विषयातलं "एक समाजशास्त्रीय अभ्यास" हे शेपूट काढून टाक आणि "समस्या" हा शब्दही काढ. समस्या म्हटलं की यादी होते, आरोग्याच्या समस्या, शिक्षणाच्या, कर्जाच्या, व्यसनाच्या, आणि मग एकेका समस्येचं एकेक उद्दिष्ट, आणि शेवटी निष्कर्ष काय तर "ऊसतोड कामगारांना अनेक समस्या असल्याचे दिसून आले". हे तुला घरात बसून माहीत आहे ना? मग शंभर लोकांचा वेळ कशाला घ्यायचा. प्रस्ताव लिहायच्या आधी एका कोऱ्या कागदावर लिही की या सगळ्यातलं मला स्वतःला काय माहीत नाही, काय कळत नाही, लहानपणापासून काय खटकत आलंय.

मी तुझ्या जागी असते तर एक गोष्ट विचारली असती. हंगामात एका घरातलं कोणतं लेकरू ऊसतोडीच्या फडावर बरोबर न्यायचं आणि कोणतं आजीजवळ मागे ठेवायचं हे कोण ठरवतं आणि कशावरून ठरवतं? मोठी मुलगी नेतात का, धाकट्याला सांभाळायला? मुलगा शाळेसाठी मागे राहतो का? का उलट, मुलगी वयात आली म्हणून तिला एकटं ठेवायची भीती वाटते आणि बरोबर नेतात? मला उत्तर माहीत नाही, तुलाही पूर्ण माहीत नसणार, आणि म्हणूनच हा चांगला प्रश्न आहे. यातून उद्दिष्टं आपोआप निघतात, निर्णय कोण घेतं ते बघणं, मुलगा-मुलगी आणि वय यांचा त्यात काय संबंध ते बघणं, आणि मागे राहिलेल्या लेकरांचं हंगामातलं घर कसं चालतं ते बघणं. तीन पुरे झाली. नमुना शंभर नको. तुझ्या गावातली किंवा तांड्यावरची बारा ते पंधरा घरं घे आणि प्रत्येक घरी निदान दोनदा जा.

आता वेळापत्रक, इथे बहुतेक जण फसतात. तू प्रस्तावात लिहिणार "डिसेंबर-जानेवारी : माहिती संकलन", कारण सगळ्यांच्या प्रस्तावात तसंच असतं. अगं, पण डिसेंबरात तुझं गाव रिकामं असतं! दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात त्या थेट मार्च-एप्रिलला परत येतात. म्हणजे आईवडिलांशी बोलायचं तर सप्टेंबरातच बोलायला हवं, मुकादमाकडून (टोळी जमवणाऱ्या माणसाकडून) उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, जायची तयारी चाललेली असते, लेकरांचं काय करायचं हा विषय घरात रोज निघत असतो. आणि डिसेंबरात दुसरी फेरी, तेव्हा आजी-आजोबा आणि मागे राहिलेली पोरं भेटतील. पोरांशी आजीसमोरच आणि तिच्या परवानगीनं बोलायचं. हे दोन टप्पे प्रस्तावात महिन्यांसकट लिही, परीक्षकाला लगेच कळेल की हिला गाव माहीत आहे.

आणखी एक. "प्रतिसादक : कामगार" एवढंच लिहू नकोस. ऊसतोडीत हिशेब कोयत्यावर चालतो, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. उचल जोडीवर मिळते, मुकादमाशी बोलणं नवऱ्याचं होतं. तू फक्त घरच्या कर्त्या पुरुषाशी बोललीस तर अर्ध्याच कोयत्याचं ऐकलंस असं होईल. बाईशी वेगळं बोल, आणि तेही "काकू जरा बसा, मुलाखत घ्यायचीय" असं म्हणून नाही, ती भाकरी थापत असताना शेजारी बसून.

माझा एक विद्यार्थी याच विषयावर काम करायला एका वस्तीवर गेला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "उचल किती घेतली?" समोरचा माणूस खाटेवरून उठला, म्हणाला, "तुला मुकादमानं पाठवलं का?" आणि आत निघून गेला. त्या दिवशी एकही मुलाखत झाली नाही. दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला, हेडमास्तरांची रीतसर परवानगी घेऊन हजेरीपट बघितला, सप्टेंबरात किती पोरं होती आणि जानेवारीत किती, मागे राहिलेल्या पोरांसाठीच्या हंगामी वसतिगृहात जेवायला कोण येतं, आणि मग त्या पोरांच्या घरी गेला तेव्हा बोलायला विषय होता. पैशाचा प्रश्न त्यानं तिसऱ्या भेटीत विचारला आणि उत्तर मिळालं.

गर्भपिशवी काढायच्या ऑपरेशनचा विषय घ्यायचा मोह होईल, कारण त्यावर बातम्या भरपूर आहेत. २०१९ साली सरकारनं नेमलेल्या समितीच्या पाहणीत तुझ्या बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली होती, एवढा गंभीर तो विषय आहे. पण तो बीएच्या प्रोजेक्टमध्ये सहा प्रश्नांच्या फॉर्मवर उरकायचा नाही, कृपा करून. बाईला ते सगळं पुन्हा आठवायला लावायचं आणि आपण मार्क घेऊन निघून जायचं, हे मला पटत नाही.

आणि तू त्याच घरातली आहेस हे प्रस्तावात स्पष्ट लिही. "संशोधकाचे आईवडील ऊसतोड कामगार आहेत, त्यामुळे अमुक गोष्टी सोप्या जातील आणि अमुक गोष्टींकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता आहे." बरीच मुलं हे लपवतात, मला फार वाईट वाटतं. ती तुझी ताकद आहे.

प्रश्न : गृहीतक लिहायलाच पाहिजे का? आमच्या फॉरमॅटमध्ये चौकट आहे पण मॅडम म्हणतात गुणात्मक अभ्यासाला लागत नाही.

तुमच्या मॅडम बरोबर आहेत. गृहीतक म्हणजे पाहणीच्या आधी बांधलेला अंदाज, आणि गुणात्मक अभ्यास म्हणजे आकडे मोजण्यापेक्षा माणसांशी बोलून केलेला. पंधरा घरांशी सविस्तर बोलणार असाल तर संशोधन प्रश्न पुरतात. पण चौकट भरायचीच असेल तर असं गृहीतक लिहा जे खोटं ठरू शकेल. "नोकरदार महिलांवर घरकामाचा दुहेरी भार असतो" हे गृहीतक नाही, ते सगळ्या देशाला माहीत आहे, सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसातला २८९ मिनिटं वेळ त्यात जातो आणि पुरुषांचा ८८ मिनिटं असं आलंय. त्याऐवजी "सासू एकत्र राहत असेल तर नोकरदार सुनेचा स्वयंपाकातला वेळ कमी होतो" असं लिहून बघा. हे खरं निघेल का? कदाचित सासूमुळे पोळ्या वाढत असतील, पथ्याचं वेगळं करावं लागत असेल. जाऊन बघावं लागेल. गृहीतक खोटं निघालं तर मार्क जात नाहीत, उलट तुम्ही खरंच बघून आलात हे त्यातून दिसतं.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये हेरवाडसारखा विधवा प्रथा बंदीचा ठराव केला पण गावात कोणी पाळत नाही. मला हे प्रोजेक्टमधून सिद्ध करायचंय. जिल्हा सांगली. सॅम्पल कसं घेऊ?

विषय फार सुंदर घेतलायस, फक्त "सिद्ध करायचंय" हे डोक्यातून काढ. सिद्ध करायला निघालेला माणूस जे हवं तेच ऐकून येतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनीही असं करावं असं सांगितलं, आणि मग बऱ्याच गावांनी ठराव केले.

पहिलं काम, ग्रामसेवकांकडे जाऊन तो मूळ ठराव वाच. प्रोसिडिंग बुकात काय शब्द आहेत, सूचक कोण, अनुमोदक कोण, त्या ग्रामसभेला बायका किती होत्या, आणि त्यात नवरा गेलेली एक तरी बाई होती का. एवढ्यावरच तुझं एक प्रकरण उभं राहील, आणि ही माहिती नेटवर कुठेच मिळणार नाही.

दुसरं, "ठराव पाळता का? होय / नाही" असं विचारू नकोस. लोक होय म्हणतील, कॉलेजातनं कोणी विचारायला आलं की सगळेच सुधारलेले असतात. डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी निवड. संक्रांत ते रथसप्तमी गावात घरोघर हळदीकुंकू चालतं. चार-पाच घरांत आधी सांगून, परवानगी घेऊन जा आणि बस. बोलावणं कोणाला गेलं, तोंडी का निरोप पाठवून, कोण आलं, कोण कुठे बसलं, कुंकू लावताना हात कोणापाशी थबकला, वाण कोणाच्या हातात दिलं आणि कोणाच्या शेजारी नुसतंच ठेवलं. असं बारीक बघ. लग्नसराईत औक्षणाला कोण पुढे होतं तेही बघता येईल, पण बीएच्या प्रोजेक्टला हळदीकुंकू पुरेसं आहे.

मुलाखतींसाठी दोन गट कर, ठरावाच्या आधी ज्यांचे नवरे गेले त्या आणि ठरावानंतर गेले त्या, प्रत्येकी पाच-सहा जणी. गावाच्या मानानं एवढं भरपूर. वर्षाच्या आत दुःख झालेलं असेल तिच्याकडे जाऊ नकोस, हे प्रस्तावात लिहून ठेव. आणि पत्रावरून कळत नाही, पण तू मुलगा असलास तर वर्गातली मैत्रीण बरोबर घे, आणि प्रश्न तिला विचारू दे.

मी असं एक काम जवळून बघितलंय. पहिल्या भेटीत सासू तिथेच बसलेली, सून म्हणाली, "बोलावतात की सगळीकडं, आता काही राहिलं नाही तसलं." विद्यार्थिनीनं तसंच लिहून घेतलं आणि खूश होऊन परत आली. मी तिला परत पाठवलं. दुसऱ्या वेळी ती बाई एकटी होती, गोठ्यात. म्हणाली, "बोलावतात. मीच जात नाही. सगळ्या एकदम गप होतात मी गेल्यावर." हे वाक्य होय-नाहीच्या कुठल्या चौकटीत घालणार? ठराव पाळलाही जातोय आणि पाळला जातही नाहीये, दोन्ही एकाच वेळी, आणि ते कसं घडतं तेवढंच तुला सांगायचंय.

प्रश्न : मी पुण्यात एमपीएससीची तयारी करतोय, बहिस्थ बीए. विषय "स्पर्धा परीक्षा आणि तरुणांमधील ताण". टेलिग्राम ग्रुपवर गुगल फॉर्म टाकला, दोन दिवसात १५० जणांनी भरला. तरी सर म्हणतात नमुना चुकीचा आहे. दीडशे कमी आहेत का?

आकड्याचा प्रश्नच नाहीये, सरांचा मुद्दा वेगळा आहे. दीडशे जण कोण? जे अजून ग्रुपवर आहेत, ज्यांना फॉर्म भरायला वेळ आहे, आणि ज्यांना त्या दिवशी भरावासा वाटला. ज्यानं चार अटेम्प्ट देऊन बॅग भरली आणि गावी निघून गेला तो ग्रुप सोडून गेलाय, आणि जो सगळ्यात जास्त ताणात आहे तो कदाचित मोबाईल बंद ठेवून अभ्यासिकेत बसलाय. म्हणजे ज्यांच्यासाठी तू विषय घेतलास तेच नेमके तुझ्या फॉर्ममध्ये नाहीत. फॉर्म फेकून देऊ नकोस, त्याचा उपयोग दारासारखा कर, शेवटी एक ओळ टाक की अर्धा तास बोलायला तयार असाल तर कळवा.

आणि "ताण" मोजायच्या मागे लागू नकोस, ते मानसशास्त्राचं वेगळं काम आहे, त्याची वेगळी साधनं असतात. समाजशास्त्राला यात भरपूर आहे. तू सदाशिव पेठ, नारायण पेठ, शास्त्री रोड रोज बघतोस, कॉट बेसिसवरच्या खोल्या, मेसचे डबे, अभ्यासिकेतली ठरलेली जागा, खुर्चीला बांधलेली उशी. मला त्यातला एक प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो : आता थांबायचं, हे ही मुलं कसं ठरवतात? वय ठरवतं, घरून येणारे पैसे थांबतात, धाकट्या बहिणीचं लग्न ठरतं, बरोबरचा मित्र पास होतो, का कोणीतरी काहीतरी बोलतं? आणि घरी काय सांगतात? आठ जण अजून तयारी करणारे आणि आठ जण सोडून गेलेले, एवढं कर. सोडून गेलेले तुझ्या ओळखीतून एकाकडून दुसरा असे मिळतील, त्याला स्नोबॉल नमुना म्हणतात, प्रस्तावात तसं नाव लिही आणि त्यातली उणीवही लिही, की यातून सारखीच माणसं सापडत जातात.

बोलताना कोणी फारच खचलेलं वाटलं तर मुलाखत तिथेच थांबव, वही बंद कर. टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, १४४१६ हा सरकारी नंबर जवळ ठेव आणि दे. हेही प्रस्तावात लिहायचं असतं, नैतिक बाबी या मथळ्याखाली, तिथे बहुतेक मुलं "गोपनीयता राखली जाईल" एवढं एकच वाक्य टाकतात.

रोजच्या नोंदी त्याच रात्री लिही, आणि एक प्रत दुसरीकडे ठेव. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये कर्नाटकातल्या रामपुरा गावात राहून काम केलं, आणि १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत त्यांच्या वर्षानुवर्षं तयार केलेल्या नोंदी जळाल्या. त्यांनी मग आठवणीवर भर देऊन पुस्तक लिहिलं, ते १९७६ला आलं. त्यांची आठवण तशी होती. आपण मोबाईलवर रेकॉर्ड करतो आणि मोबाईल पाण्यात पडतो.

प्रश्न : प्रस्ताव एआयकडून लिहून घेतला तर चालेल का? सगळेच घेतात.

भाषा सुधारून घे, मुद्द्यांचा क्रम विचार, त्याला माझी हरकत नाही. पण पूर्वसाहित्याचा, म्हणजे विषयावर आधी झालेल्या लिखाणाचा, आढावा त्याच्याकडून घेऊ नकोस. मी अलीकडेच एक प्रस्ताव वाचला, संदर्भ पाच होते, त्यातली तीन पुस्तकं कुठेच सापडेनात, कारण ती कोणी लिहिलेलीच नव्हती. मुलगी रडवेली झाली, तिला खरंच माहीत नव्हतं. शोधगंगा या वेबसाईटवर पीएचडीचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात, मराठीतलेही आहेत, तुझ्या जिल्ह्याचं नाव टाकून शोध आणि दोनच प्रबंध घे, पण त्यांची पद्धतीची प्रकरणं स्वतः वाच.

प्रश्न : मी एसवायला आहे, परभणी जिल्हा. विषय बालविवाह घेतलाय. आमच्या गल्लीत गेल्या वर्षी दोन झाले, त्या मुलींच्या मुलाखती घ्यायच्यात. एक माझी मैत्रीणच आहे.

थांब. हे उत्तर नीट वाच आणि गाईडलाही दाखव.

विषय खरा आहे यात शंका नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, त्याआधीच्या पाहणीत ते २६.३ टक्के होतं. कमी झालंय, पण अजूनही हे प्रमाण थोडंथोडकं नाही.

पण ती मैत्रीण अजून अठराच्या आत असेल तर तू तिला "हे कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ शकत नाहीस. मुलगी अठराच्या आत असेल तर लग्नानंतरचे संबंधही पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, येतात, आणि त्या कायद्यात ज्याला अशी गोष्ट कळली त्यानं ती कळवायची असते, विद्यार्थी असलं तरी. म्हणजे एकतर तू तिचा विश्वास मोडणार किंवा कायदा मोडणार. वीस वर्षांच्या मुलीवर हे ओझं येऊ नये, आणि त्या मुलीवर तर अजिबातच येऊ नये.

विषय सोडू नकोस, माणसं बदल. आज ज्या तीस-चाळीस वर्षांच्या आहेत आणि ज्यांचं लग्न चौदा-पंधराव्या वर्षी झालं त्यांच्याशी बोल, आणि त्यांना एकच विचार, तुमच्या मुलीचं लग्न कधी करायचं हे तुम्ही कसं ठरवताय? आई आणि मुलगी यांच्या लग्नाच्या वयात काय बदललं आणि कशामुळे, शाळा लांब आहे म्हणून, एसटी आहे-नाही म्हणून, हंगामाला जायचं म्हणून, हुंडा वाढतो म्हणून. दहा आया पुरे.

आणि काम करताना उद्याच कुठे असं लग्न होतंय असं कळलं, तर प्रोजेक्ट बाजूला. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन कर, गाईडना सांग. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, पण तू एकटी त्यांच्या दारात जाऊ नकोस, मोठं माणूस बरोबर ने.

प्रश्न : मी विद्यार्थी नाही, पालक आहे, सातारा जिल्हा. मुलगी प्रोजेक्टसाठी घरोघर फिरून लोकांना जात, उत्पन्न विचारणार म्हणते. गावात वाद होतील. शिवाय याचा पुढे उपयोग काय?

तुमची काळजी अगदी रास्त आहे. मुलीला एकटी पाठवू नका, जोडीनं जावं, उजेडात जावं, कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र बरोबर असावं आणि सरपंच-पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवावं. जात आणि उत्पन्न हे प्रश्न तिच्या विषयाला लागतच नसतील तर विचारूच नयेत, आणि मुलांना मी हेच सांगते की प्रत्येक फॉर्मच्या डोक्यावर नाव, वय, जात, धर्म असं छापायची सवय सोडा. लागत असेल तर शेवटी विचारावं, आणि "सांगायचं नसेल तर राहू द्या" असं म्हणून विचारावं.

उपयोगाचं म्हणाल तर तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. कोयना धरणात ज्यांची गावं गेली त्या लोकांची पाहणी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या इरावती कर्वे यांनी केली होती, ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. उठवलेली माणसं कुठे गेली, नव्या जागी कशी राहिली, हे कुणीतरी त्यांच्या दारात जाऊन विचारलं म्हणून ते आज कागदावर आहे. तुमची मुलगी इतकं मोठं काम करणार नाही, पण काम त्याच प्रकारचं आहे. नोकरीचंही सांगते, सामाजिक संस्था, आरोग्य पाहण्या, पंचायतींचे आराखडे, या सगळीकडे अनोळखी घरात जाऊन नीट बोलता येणारी आणि ऐकलेलं नीट लिहिता येणारी माणसं लागतात आणि ती सहज मिळत नाहीत. तिला जाऊ द्या. पहिल्या दिवशी हवं तर तुम्ही बरोबर जा, पण ओट्यावर थांबा, आत ती आणि तिच्या जोडीची मुलगीच जाऊ दे.

प्रश्न : मुलाखतीतली वाक्यं लोक बोलतात तशी लिहू का शुद्ध मराठीत? आमच्या सरांनी लाल पेननं सगळी सुधारून दिली.

बोलतात तशीच लिहा. सरांना माझ्या वतीनं विनंती करा, हवं तर हे पान दाखवा.

एक उदाहरण देते. एका आजीनं सांगितलं होतं, "थोरलीला तिच्या चुलत्यानं म्हायारी आणून ठिवली, मला इचारलं बी न्हाई." मुलानं अहवालात लिहिलं, "मोठ्या मुलीस माहेरी ठेवण्यात आले." चुलता गेला, आजीला न विचारणं गेलं, आणि कोणी ठेवलं हेच गेलं. निर्णय कोण घेतं हा सगळा अभ्यास त्या चुलत्यावरच तर उभा होता! तेव्हा अवतरणचिन्हात तिची भाषा, खाली तुमच्या भाषेत अर्थ, एखादा शब्द बाहेरच्या माणसाला कळणार नसेल तर कंसात सोपा शब्द.

फक्त बोलीवरून माणूस ओळखू येत नाही ना ते बघा. छोट्या गावात "तीन मुलींची, शिवणकाम करणारी बाई" म्हटलं की सगळ्यांना कळतं कोण ते. अशा वेळी शिवणकाम काढा, मुलींची संख्या काढा. दोन वह्या करा, एकीत फक्त नंबर आणि खरी नावं, दुसरीत नंबर आणि मुलाखत. पहिली वही घरी कपाटात, ती कॉलेजला न्यायची नाही, तोंडी परीक्षेत मागितली तरी द्यायची नाही, आणि निकाल लागला की फाडून टाकायची.